बोस्टनचा उन्हाळा, दासगावचा आषाढ

गेल्या आठवड्यात दासगावचे एक दुकानदार लेकीला घेऊन घरी आले. दुकान महाडच्या बाजारपेठेत, घर दासगावात. लेक यंदा अकरावीला. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलणं झालं, मग त्यांनी मोबाइल पुढे केला. अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका कॉलेजात शाळकरी मुलांसाठी उद्योजकतेचं उन्हाळी शिबिर. जुलैचे चार आठवडे. फी सात हजार डॉलर. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा सगळं वेगळं.

"दुकानावर कर्ज मिळतंय," ते म्हणाले. "काढू का?"

"काढू नका," मी म्हणालो.

लेक काही बोलली नाही. कपबशा उचलून आत ठेवायला गेली. त्या दिवसापासून मला चैन नाही. नाही म्हणायला मला एक क्षण लागला, आणि त्या पोरीने त्या अर्जावर महिनाभर घालवला होता. तिला कारणं मिळायला हवीत. ती इथे मांडतो.

पहिली गोष्ट, ही शिबिरं म्हणजे फसवणूक नाही. एमआयटीत सुरू होऊन पुढे स्वतंत्र झालेलं लाँचएक्स, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन स्कूलचे शाळकरी मुलांसाठीचे वर्ग, बॅब्सन कॉलेजचं उन्हाळी सत्र, अशी कितीतरी नावं आहेत. पद्धत साधारण सारखीच. चार-पाच मुलांचा गट करतात. गटाने एक अडचण शोधायची, ती ज्यांना भेडसावते त्यांच्याशी बोलायचं, तोडग्याचा कच्चा नमुना बनवायचा, तो विकून पाहायचा, आणि शेवटच्या दिवशी परीक्षकांसमोर उभं राहून धंद्याची मांडणी करायची. यातलं एक सूत्र मला मनापासून पटतं. स्टीव्ह ब्लँक नावाचे उद्योजक-शिक्षक ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत: इमारतीतून बाहेर पडा आणि गिऱ्हाइकाला विचारा. सोळा वर्षांच्या मुलाला कुणीतरी हे करायला लावतं, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण फी भरणारा बाप सूत्रासाठी पैसे मोजत नाही. तो नावासाठी मोजतो. मोठ्या विद्यापीठाच्या आवारात चार आठवडे राहिलं की त्या विद्यापीठाचं दार किलकिलं होतं, असं त्याला वाटतं आणि कुणीतरी ते वाटू देतं. नामांकित आवारात वर्ग भरणं वेगळं आणि त्या विद्यापीठाने पदवीला प्रवेश देणं वेगळं. काही ठिकाणी तर शिबिर भरवणारी कंपनीच बाहेरची असते, कॉलेजच्या खोल्या तिने सुट्टीपुरत्या भाड्याने घेतलेल्या असतात. शिबिराला विद्यापीठाचं स्वतःचं श्रेयांक असलेलं शिक्षण मानायचं की नाही, हे माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय कळत नाही. दुकानावर बोजा चढवण्याआधी ते पान वाचा, एवढं तरी प्रत्येक पालकाला सांगायला हवं.

आता महिन्याचं बघू. अमेरिकेची शाळा जूनमध्ये सुटते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात भरते, म्हणून त्यांचा उन्हाळा जुलैत. आपली शाळा जूनच्या मध्याला भरलेली असते. म्हणजे अकरावीचा पाया घालायचे चार आठवडे ही मुलगी वर्गात नसणार. आणि जुलै म्हणजे आमच्याकडे आषाढ. भाताची लावणी, सावित्री नदीला पूर, खिंडीत दरड. २५ जुलै २००५ ला दासगावावर डोंगर खाली आला. त्याच पावसाने जुई, कोंडिवते आणि रोहन ही गावंही गाडली. वाचलेल्यांनी पुढची कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी तळिये गाव दरडीखाली गेलं. या तालुक्यात जुलै महिन्यात घरातलं प्रत्येक माणूस घराला लागतं. मुलीला बोस्टनला पाठवणाऱ्या आईचा जीव इथे कसा राहील, याचा विचार माहितीपत्रक छापणाऱ्याने करण्याचं कारण नाही. आपण केला पाहिजे.

तरी माझा नकार परदेशाला नव्हता. दासगावात राहून परदेशी शिक्षणाला नाक मुरडायचं म्हणजे आपल्याच बंदराचा इतिहास पुसायचा.

२५ डिसेंबर १९२७. दुपारी 'पद्मावती' बोट दासगाव बंदराला लागली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर उतरले. महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी जमलेले हजारो लोक त्यांची वाट पाहत होते. आमच्या धक्क्यावर उतरलेला हा माणूस न्यूयॉर्क आणि लंडन इथं अर्थशास्त्र शिकून आला होता. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात परत येऊन संस्थानची दहा वर्षं नोकरी करायचा करार. पैसा लोकांच्या तिजोरीतला होता, म्हणून हिशेबही लोकांना द्यायचा होता.

त्यांच्या आयुष्यातला एक छोटा प्रसंग उद्योजकतेच्या प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी सांगितला जावा असं मला वाटतं. अमेरिका-इंग्लंडातून परतल्यावर बडोद्यात त्यांना राहायला जागासुद्धा मिळू दिली नाही. मुंबईला येऊन त्यांनी शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. ज्ञान होतं, पदवी होती, बाजाराची गरज होती. गिऱ्हाइकंही आली. सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळलं तशी ती गेली, आणि धंदा बंद पडला. व्यवसायाचा आराखडा एका पानावर मांडायला शिकवतात त्यात गिऱ्हाईक, किंमत, खर्च, वितरण असे चौकोन असतात. गिऱ्हाईक तुमच्या हातून वस्तू घेईल की नाही, हा चौकोन त्यात नसतो. आपल्या देशात तो पहिला चौकोन होता. पुष्कळ गावांत अजून आहे.

याच दासगावात वाढलेल्या रामचंद्र बाबाजी मोरे यांना तो चौकोन लहानपणीच कळला होता. जन्म १९०३ चा, महाडजवळच्या लाडवलीचा. अलिबागला शिष्यवृत्ती परीक्षेत पास झालेला हा मुलगा महाडच्या इंग्रजी शाळेत गेला तर त्याला जातीमुळे प्रवेश नाकारला. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने वर्तमानपत्राला पत्र लिहून तक्रार केली आणि प्रवेश मिळवला. बाजारासाठी महाडला आलेल्या दलितांना घोटभर पाणी मिळायची सोय नव्हती. त्यांच्यासाठी बाजारात चहाचं दुकान निघालं, त्यात या शाळकरी पोराने पुढाकार घेतला होता. पुढे महाडची परिषद घडवून आणणाऱ्या कार्यकर्त्यांत मोरे आघाडीवर होते. त्यानंतर ते कम्युनिस्ट चळवळीत गेले आणि कॉम्रेड आर. बी. मोरे म्हणून ओळखले गेले. अडचण शोधा, ती ज्याची आहे त्याच्याशी बोला, तोडगा उभा करा, हे सात हजार डॉलरचं सूत्र या तालुक्यातल्या एका मुलाने शंभर वर्षांपूर्वी चहाच्या किटलीवर सिद्ध केलं. महाड-पोलादपूरच्या किती शाळांत हे मुलांना सांगितलं जातं? चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या वर्धापनदिनी आम्ही भाषणं देतो. त्या दुकानाचा धडा आम्ही कधी केला नाही.

परदेशी उद्योग शिकायचा तर पैसा कसा उभा करायचा, याचाही नमुना आपल्याकडे आहे. अंताजी दामोदर काळे नावाचे गृहस्थ गावोगाव फिरले आणि दारोदार एकेक पैसा मागितला. पैसा फंड. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. त्या पैशातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. काच करायला शिकवायला ईश्वरदास वार्ष्णेय आले. ते ही विद्या जपानमध्ये आणि मग बोस्टनला एमआयटीत शिकून आले होते. बोस्टन तेव्हाही होतंच. तिथे एक माणूस शिकला, आणि मावळातल्या तळेगावात कितीतरी पोरं भट्टीपुढे उभी राहून काच फुंकायला शिकली. भांडवलात ज्यांचा वाटा होता त्यांत एक पैसा देणारी म्हातारीही होती.

आजच्या शिबिराशी हे ताडून बघा. एका घराने सहा लाख घालायचे, एका मुलीने शिकून यायचं, आणि प्रमाणपत्र तिच्या पुढच्या अर्जाला जोडायचं. ते तिचंच राहणार. दासगावच्या बाकीच्या पोरांना त्यातलं काय मिळणार?

सात हजार डॉलर म्हणजे सहा लाख रुपयांच्या वर. माणशी हजार रुपये धरले तर सहाशे मुलांचं भांडवल. आकडा मी उगाच धरलेला नाही. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१९ साली नववी ते बारावीसाठी उद्योजकतेचा अभ्यासक्रम आला आणि २०२१ साली 'बिझनेस ब्लास्टर्स' नावाने अकरावी-बारावीच्या मुलांना माणशी हजार-दोन हजार रुपये बीजभांडवल मिळालं. गट करा, धंदा करा, हिशेब द्या. त्या योजनेच्या जाहिरातीबद्दल, राजकारणाबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणावं. सरकारी शाळेतल्या पोराच्या हातात खरा पैसा देऊन, तो बुडाला तरी चालेल असं सांगण्याची हिंमत तिथे कुणीतरी केली. आमच्या जिल्ह्यात ती हिंमत कोण करणार?

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत बाल आनंद मेळावा भरतो. बालबाजार भरतो. मुलं मेथीच्या जुड्या, लिंबं, वडापाव, भेळ घेऊन बसतात, सरपंच फीत कापतात, फोटो होतात. मला हे मेळावे फार आवडतात. तिसरीतली पोर वीस रुपयांतून बारा वजा करताना जितकं गणित शिकते तितकं फळ्यासमोर शिकत नाही. पण माल आईने आणून दिलेला असतो, घेणारे गुरुजी आणि पालक असतात, आणि संध्याकाळपर्यंत सगळं खपतंच. तोटा कुणालाच होत नाही. दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही की भाड्याचे किती गेले, तेलाचे किती गेले, उरलं किती. वर्षातून एक दिवस भरणाऱ्या बाजारात उत्सव होतो, धंदा शिकता येत नाही. हाच बाजार सलग बारा शनिवार भरवा. आठवी-नववीच्या मुलांना वही द्या, हजार रुपये द्या, गावातल्या अनोळखी गिऱ्हाइकासमोर बसवा. तिसऱ्या शनिवारी पाऊस येईल आणि भेळ मऊ पडेल. पाचव्या शनिवारी शेजारचा गट दोन रुपयांनी भाव उतरवेल. सातव्या शनिवारी ओळखीचा माणूस उधारी मागेल. मुलं तेव्हा शिकू लागतील.

आणि शिकवणारे? खाडीकाठी बसणाऱ्या मासेवालीला बोलवा. ती मासे वजनावर विकत नाही, वाट्यावर विकते. सकाळी वाटा मोठा की लहान, हे रात्रीच्या जाळ्यावर ठरतं. उधाणाला मासळी जास्त म्हणून वाटा मोठा, भांगाला कमी म्हणून लहान. ऊन चढलं की दोन वाटे एकत्र करून एकाच्या भावात देते, कारण दुपारनंतर माल पडून राहिला तर मुद्दलही जातं. ठरलेलं गिऱ्हाईक आलं तर वर दोन कोलंब्या टाकते. किंमत, नाशवंत माल, गिऱ्हाईक टिकवणं, सगळं एका टोपलीत आहे. तिला वर्गात खुर्ची द्या, तासाचं मानधन द्या, आणि गुरुजींनी मागच्या बाकावर बसून लिहून घ्यावं.

महामार्गावर करवंदं-जांभळं विकणाऱ्यांना विचारा, चौपदरी रस्त्याने त्यांच्या धंद्याचं काय केलं. पूर्वी वळणावर गाडी हळू व्हायची आणि द्रोणातली काळीभोर करवंदं दिसली की थांबायची. आता गाड्या सुसाट जातात, मधे दुभाजक उभा. गिऱ्हाईक दिसतं आणि पोचत नाही. थांबा कुठे असावा, फलक किती अंतरावर लावावा, द्रोण की खोका, आमसुलं-फणसपोळी सोबत ठेवली तर गाडी थांबेल का? बोस्टनच्या वर्गात एखाद्या काल्पनिक कंपनीवर चार आठवडे खल करण्यापेक्षा हा प्रश्न शंभरपट अवघड आहे आणि तो खऱ्या माणसांचा आहे.

इथे एक सांगून ठेवतो, कारण माझं म्हणणं उलट वापरलं जाईल. रस्त्यावर करवंदं विकणारी दहा वर्षांची कातकरी पोर उद्योजक आहे, तिचं कौतुक करा, असं मी मुळीच म्हणत नाही. तिला शाळा हवी. पोट भरण्यासाठी करावं लागतं ते काम आणि शिकण्यासाठी केलेला धंदा यांत फरक आहे: दुसऱ्यात बुडालं तरी संध्याकाळी घरात भात शिजतो. शिबिराला जाणाऱ्या श्रीमंत घरच्या मुलाकडे नेमकी हीच गोष्ट असते. त्याचा धंदा बुडाला तरी त्याचं काही बिघडत नाही. बुडायची मुभा त्याला बापाच्या पैशाने मिळते. दासगावच्या मुलांना ती गावाने दिली पाहिजे, म्हणून तर ते हजार रुपये परत मागायचे नाहीत.

गाव गरीब आहे असं मला कुणी सांगू नये. या पट्ट्यातली कितीतरी घरं मुंबईवर आणि आखातावर चालतात. गणपतीला, ईदेला, लग्नसराईला परतणारी माणसं मंडळाला, मशिदीला, देवळाच्या कळसाला पैसे देतात आणि मनापासून देतात. त्यांतल्याच दहा जणांनी पैसा फंड काढावा. परदेशी नोकरी करणाऱ्या माणसाने मे महिन्यात सुट्टीला आल्यावर एक दुपार शाळेत बसावं आणि दुबईत माल कसा उतरतो, कुठल्या कागदावर अडतो, हे मुलांना सांगावं. त्याच्याकडे असलेलं ज्ञान सात हजार डॉलरचं आहे, आणि ते इथे कुणी त्याला विचारत नाही. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, दासगावहून फार लांब नाही. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी शनिवारी येऊन नमुना बनवायला हात लावला तर बोस्टनचं अंतर बरंच कमी होईल. आणि मग वर्षाला एक मूल खरंच बाहेर पाठवा. गावाच्या पैशाने, बडोद्यासारखा करार करून. परत आल्यावर बारा शनिवार शिकवायचे, एवढी एकच अट.

हे सगळं लिहून झालं आणि काल संध्याकाळी ती मुलगी पुन्हा आली. या वेळी एकटी. हातात त्या शिबिराच्या अर्जाची छापील प्रत. म्हणाली, "काका, जायचं नाही हे मी मानलंय. पण यातल्या एका प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं, ते कसं लिहायचं असतं तेवढं सांगा."

प्रश्न होता: तुम्ही स्वतः सोडवलेली एक अडचण सांगा. बाकीचा अर्ज मोत्यासारख्या अक्षरात भरलेला आणि ती जागा कोरी.

"मी काही सोडवलेलंच नाही ना," ती म्हणाली.

मी तिला विचारलं, २०२१ च्या पुरात दुकानाचं काय झालं? ती तेव्हा सातवीत होती. दुकान छपरापर्यंत पाण्यात. पाणी उतरल्यावर आठ दिवस सगळे गाळ काढत होते. साखर, तांदूळ, तूरडाळ सगळं गेलं. "उधारीची वही सापडली," ती म्हणाली. "लगदा झाला होता. बाबा टाकायला निघाले होते. मी घरी नेली."

पुढचं तिने असं सांगितलं, जणू त्यात सांगण्यासारखं काही नाही. वहीची पानं तिने एकेक सुटी केली, मधे वर्तमानपत्र घालून दाबली, मग माळ्यावर दोरीला चिमट्याने टांगली. शाई पसरली होती. जिथे नाव वाचता येई पण आकडा नाही, तिथे ती आईला विचारी, हे लोक महिन्याला काय काय नेतात. जिथे आकडा होता पण नाव नाही, तिथे अक्षराच्या वळणावरून आणि आधीच्या पानावरून अंदाज. तीन आठवडे लागले. नव्या वहीत सगळं उतरवलं, नक्की असलेल्या रकमा निळ्या शाईने आणि अंदाजाच्या लाल शाईने. ती वही घेऊन बाप-लेक घरोघर गेले. लाल आकडा दाखवून सांगायचं की हा आमचा अंदाज आहे, तुम्हाला आठवतो तो सांगा. बहुतेकांनी खरं सांगितलं. त्या पैशातून दुकानात पुन्हा माल भरला.

मी काही बोललो नाही, पेन तिच्या हातात दिलं. ती ओटीवर बसून लिहायला लागली. मराठीतच, कारण इंग्रजीत नंतर करता येईल. अर्ध्या पानावर थांबली.

"काका, काही जणांचं घरच राहिलं नव्हतं. त्यांची नावं बाबांनी नव्या वहीत चढवूच दिली नाहीत. मी चढवली होती ती खोडायला लावली. धंद्याच्या अर्जात ते लिहायचं का? पैसे सोडले म्हणून?"

"किती जण होते?"

तिने बोटांवर मोजलं. "अकरा."

"तेही लिही," मी म्हणालो. "आकड्यासकट."